हलक्या हाताचा उपचार
(प्रस्तावना)

मालिशीबद्दल मराठी माणसाला कुणी काही शिकवायला जावं, अशी परिस्थिती नाही. बाळ-बाळंतिणीला चोळून न्हाऊ घालणाऱ्या बाई आपल्या घराघरांत येऊन गेल्या आहेत. तालमीतल्या मातीत एकमेकांचं अंग रगडणारी पोरं पुण्याच्या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. दिवाळीच्या पहाटेचं तेल-उटणं तर कुणालाच चुकलेलं नाही. या सगळ्या मालिशींचा मान जोरावर ठरतो. ‘हाताला जोर आहे हो तिच्या’ ही मालिशवालीला मिळणारी मोठी पावती. त्यामुळे अंगावर कुठे सूज दिसली की घरातून पहिला सल्ला येतो तो तेल कोमट करून चोळण्याचा.

या पुस्तकात ज्या उपचाराची ओळख करून दिली आहे, त्याचं सगळंच याच्या उलट चालतं. त्यात तेल वापरत नाहीत, कारण तेलावर हात घसरतो आणि इथे हात घसरून चालत नाही. जोर लावत नाहीत. आणि जिथे सूज आहे तिथे हात जातो तो सर्वांत शेवटी. इंग्रजीत त्याला मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणतात, पुण्यातल्या फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये नुसतं ‘एमएलडी’ किंवा ‘ड्रेनेज’. आपण त्याला लसिका-निचरा म्हणू.

आधी लसिका म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात रक्ताभिसरणाची आकृती सगळ्यांनी काढलेली असते, लसिकासंस्थेची क्वचितच कुणी. रक्त केशवाहिन्यांत पोचलं की त्यातला काही द्रव भिंतींतून पाझरून पेशींच्या अवतीभवती येतो. हा द्रव, त्यातली प्रथिनं, जंतू, पेशींचे अवशेष हे सगळं गोळा करून परत रक्तात पोचवण्याचं काम लसिकावाहिन्यांकडे असतं. वाटेत शेकडो गाठींमधून तो गाळला जातो. काखेत, जांघेत, मानेत या गाठी दाटीनं असतात. शेवटी हा प्रवाह गळ्याच्या हाडामागे मोठ्या शिरांमध्ये उतरतो. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे लहान लहान कप्पे स्वतःच मिनिटाला साधारण सहा ते दहा वेळा आकुंचन पावतात, आणि त्यांना श्वासाची नि स्नायूंच्या हालचालीची मदत होते. सगळ्यांत बारीक वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, सूक्ष्म धाग्यांनी आजूबाजूला बांधलेल्या. त्वचा हलकेच ताणली की हे धागे ओढले जातात आणि वाहिन्यांची तोंडं उघडतात. फार जोर दिला तर त्या दबून बसतात. हलक्या हातामागचं शास्त्र एवढंच आहे.

आता या वाहिन्यांचं जंक्शनच काढून टाकलं तर काय होतं? स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नेमकं हेच होतं, किंवा पूर्वी सर्रास होत असे. आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोचला आहे का हे पाहण्यासाठी आणि पोचला असेल तर तो काढण्यासाठी तिथल्या गाठी काढतात. कधी त्यावर रेडिएशनही होतं. कर्करोग बरा होतो, पण हाताचा निचरा अपुरा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काख असं सगळंच एका वेळी काढण्याची शस्त्रक्रिया रूढ करणारा अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यानंच १९२१ साली या सुजेवर निबंध लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग म्हटलं. आपल्याच हातचं काम तो पाहत होता.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. आधी एक-दोन ‘पहारेकरी’ गाठी काढून तपासायच्या, त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही पद्धत रुळली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पहारेकरी गाठ शोधायला लागणारा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य न वापरता काखेच्या खालच्या भागातल्याच गाठी काढून तपासण्याच्या पद्धतीवर काम झालं. ज्या गावी महागडी यंत्रं नाहीत तिथे ते मोलाचं आहे. २०१३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यानुसार काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या स्त्रियांत पाचांतल्या सुमारे एकीला ही सूज येते, तर फक्त पहारेकरी गाठ काढली असेल तर शंभरात पाच-सहा जणींना. म्हणजे धोका घटला, संपला नाही. आणि ही सूज शस्त्रक्रियेनंतर लगेच येईल असंही नाही. दोन वर्षांनी येते, कधी त्याहून कितीतरी उशिरा.

ती येते तीही चोरपावलांनी. आधी ब्लाउजची एकच बाही काचायला लागते. मग पाटल्या निघेनाशा होतात. संध्याकाळी हात जड वाटतो, सकाळी बरा. या टप्प्यावर बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. इथेच उपचार सुरू झाले तर पुष्कळ काही परत मिळतं. पुढे त्वचा जाड आणि घट्ट होत जाते, खळगा पडेनासा होतो. पोळी भाजताना बसलेला चटका, डास चावून खाजवलेली जागा, नखाजवळ कापलेली कातडी, एवढ्याशानंही लाली, थंडी वाजून ताप असा संसर्ग उसळतो, आणि प्रत्येक संसर्गानंतर सूज आणखी एक पायरी वर चढते. अशा बाईला ‘एवढी सूज राहायचीच, सवय करून घ्या’ असं सांगून वाटेला लावणं पुण्यासारख्या शहरात तरी थांबायला हवं. हे पुस्तक लिहिलं गेलं त्याचं पहिलं कारण हेच वाक्य.

एक बैठक कशी होते ते जवळून पाहू. समजा सूज उजव्या हाताला आहे. बाई पाठीवर झोपलेल्या. थेरपिस्ट उजव्या हाताकडे बघतही नाही. दोन्ही बाजूंच्या गळ्याच्या हाडांवरच्या खळग्यांत बोटांचे सपाट भाग ठेवून त्वचा गोल सरकवते आणि सोडून देते. सरकवताना जेमतेम दाब, सोडताना काहीच नाही. एका जागी पाच-सात वेळा, अगदी सावकाश. मग डाव्या, म्हणजे निरोगी काखेत. मग पोटावर हात ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगते. मग छातीवरून डाव्या बाजूकडे वाट काढायची. एवढं झाल्यावर उजवा दंड, तोही खांद्याकडून सुरू करून, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. सुट्टीच्या संध्याकाळी लकडी पुलावर कोंडी झाली तर मागच्या गाडीनं हॉर्न वाजवून काही होत नाही, आधी पुढचा डेक्कनचा चौक मोकळा व्हावा लागतो. हाही हिशेब तसाच आहे. पाऊण तास ते तासभर हे चालतं. दुखत नाही, कातडी लाल होत नाही. पहिल्या दिवशी बऱ्याच जणींना फसवणूक झाल्यासारखं वाटतं: ‘हिनं नुसता हात फिरवला!’

आणि बैठक इथे संपली तर खरोखरच ती निम्मी-अर्धी राहते. नंतर त्वचेला मलम, हातावर सुती मोजा, एकेका बोटाला बारीक पट्टी, फोम, आणि वर थरावर थर कमी ताणाच्या पट्ट्या. औषधाच्या दुकानात पट्टी मागितली की क्रेप बँडेज हातात देतात. ते भरपूर ताणलं जातं, माणूस स्वस्थ बसलेला असतानाही आवळत राहतं, आणि स्नायू हलला की त्याच्यासोबत पसरतं. इथे लागते ती शॉर्ट-स्ट्रेच पट्टी. स्वस्थ असताना तिचा दाब कमी, हात हलवला की स्नायू तिच्या भिंतीवर दाबले जातात आणि द्रव वर सरकतो. म्हणून पट्टी बांधून व्यायाम करायचे. सूज उतरली की पट्टीची जागा मापानं शिवलेली बाही घेते. निचरा, पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा अशा चार गोष्टी मिळून हा उपचार होतो. त्यातला निचरा तेवढा उचलून विकणं सोपं असल्यामुळे बाजारात तोच दिसतो.

इतिहासाची गंमत अशी की ही चारही अंगं फार पूर्वीच कुणीतरी एकत्र मांडून ठेवली होती. लसिकावाहिन्या दिसल्या त्या १६२२ साली मिलान येथे गास्पारे अझेली या शरीरशास्त्रज्ञाला, नुकतंच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यांवर पांढऱ्या रेघांसारख्या. पुढे तीसेक वर्षांत डेन्मार्कचा बार्थोलिन आणि स्वीडनचा रुडबेक यांनी साऱ्या शरीरातलं जाळं उलगडलं आणि श्रेयासाठी भांडलेही. १८९२ साली ऑस्ट्रियन सर्जन अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यानं सुजेसाठी स्वच्छता, हलकी मालिश, दाबपट्टी आणि व्यायाम यांची सांगड घातली. त्याच्या मागे ते विस्मरणात गेलं.

ते पुन्हा उगवलं एका भलत्याच वाटेनं. एमिल व्होडर हा डॅनिश गृहस्थ, वैद्यकाची पदवी नसलेला, पत्नी एस्ट्रिडसह फ्रान्समधल्या कान येथे मालिशीचा व्यवसाय करत होता. सतत सर्दीनं बेजार झालेले लोक त्यांच्याकडे हवापालटासाठी येत. त्यांच्या मानेतल्या गाठी सुजलेल्या असत. गाठींना हात लावायचा नाही हा तेव्हाचा दंडक. व्होडर दांपत्यानं तो मोडला, पण अगदी हलक्या हातानं. १९३६ साली त्यांनी आपली पद्धत पॅरिसमध्ये मांडली ती आरोग्य आणि सौंदर्याच्या एका प्रदर्शनात. डॉक्टरांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही, ब्युटिशियनांनी मात्र ती उचलली. म्हणजे आज पार्लरच्या पाटीवर ‘लिम्फॅटिक’ हा शब्द दिसला की नाक मुरडणाऱ्या आपण हे ध्यानात ठेवलेलं बरं की हा उपचार रुग्णालयात जन्मलेला नाही. रुग्णालयानं त्याला फार उशिरा दत्तक घेतलं.

दत्तक घेणारे मुख्यतः जर्मन. साठच्या दशकात योहान्नेस आस्डोंक या डॉक्टरनं पद्धतीची पडताळणी केली. मूळचे हंगेरीतले मिहाय फोल्डी आणि त्यांच्या पत्नी एथेल यांनी ब्लॅक फॉरेस्टमधल्या हिंटरझार्टन गावी केवळ लसिकाविकारांसाठी रुग्णालय उभं केलं आणि विनिवार्टरची चार अंगं पुन्हा जोडून ‘संपूर्ण निचरा उपचार’ बांधला. ब्रुसेल्समध्ये आल्बर्ट लेडूक यांनी हातांच्या हालचाली कमी आणि काटेकोर केल्या. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला जॉन आणि ज्युडिथ कॅसली-स्मिथ यांनी आपली शाखा काढली. या घराण्यांतले वाद संगीतातल्या घराण्यांइतकेच कडवे. बाहेरच्या माणसाला फरक कळायला वेळ लागतो आणि, माझ्या मते, रुग्णाला त्यानं फारसा फरक पडत नाही. अलीकडे त्वचेखाली विशिष्ट रंग टोचून लसिकेचा प्रवाह पडद्यावर थेट पाहता येतो. त्यात दिसलं की काखेतल्या गाठी काढल्यावरही पुष्कळ जणींची लसिका त्याच काखेकडे आडवाटेनं पोचत असते. सगळ्यांना सरसकट निरोगी काखेकडे वळवण्याच्या जुन्या नकाशाला यानं चांगलाच धक्का दिला. पुढची वाट घराण्यांपेक्षा या पडद्यावर ठरेल असं दिसतं.

आपल्याकडचा धागा याहून जुना आहे. सुश्रुतानं निदानस्थानात श्लीपदाचं, म्हणजे हत्तीपायाचं वर्णन केलं आहे. जिथे जुनं पाणी साचून राहतं आणि सगळ्या ऋतूंत गारवा असतो अशा प्रदेशांत हा रोग जास्त, हे त्याचं निरीक्षण. घाण साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. महाराष्ट्रात हत्तीरोग म्हटलं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर ही नावं आजही येतात. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, आणि तीन औषधं एकत्र देण्याची नवी मोहीम देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होता. गोळ्यांनी जंतू आटोक्यात येतात, पण सुजलेला पाय उतरत नाही. त्यासाठी रोज साबण-पाण्यानं पाय धुणं, बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करणं, पाय वर ठेवणं, व्यायाम, योग्य चप्पल एवढी साधी शिकवण लागते. हात आणि पाय, कर्करोग आणि डास, सदाशिव पेठ आणि गडचिरोलीतला धानोरा तालुका: रोग वेगळे, पण बंद पडलेली वाट एकच आहे. शहरातल्या पुस्तकात गडचिरोली आणलीच पाहिजे हा लेखिकेचा हट्ट मला फार योग्य वाटला.

या विषयावर भारतात सर्वांत मोलाचं काम झालं ते केरळात कासरगोडला. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीत डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेची धुलाई, आयुर्वेदिक काढ्यात पाय बुडवणं, योगासनं, भारतीय पद्धतीची हलकी मालिश आणि दाबपट्टी यांची एकत्र घडी बसवली, आणि परिणाम मोजून, मापं छापून जगासमोर ठेवले. ‘आमच्या परंपरेत सगळं आहे’ असं म्हणून थांबणारे पुष्कळ असतात. यांनी टेप हातात घेतली.

पुण्याला हे जमायला हरकत नव्हती. ताडीवाला रोडवरचं बापू भवन हे डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र. गांधीजी इथे राहिले, १९४५ साली इथेच अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला, आणि १९८६ मध्ये त्याच जागी राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आली. उरुळी कांचनचा आश्रम १९४६ पासूनचा. डॉ. संचेतींनी उभारलेल्या अस्थिरोग संस्थेनं फिजिओथेरपिस्टांच्या कित्येक तुकड्या घडवल्या. ससून आहे, लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे, स्तनांच्या आजारांसाठी वाहिलेली केंद्रंही आता आहेत. हाताला स्पर्शाची विद्या असलेली आणि शास्त्राची पद्धत असलेली माणसं एवढ्या जवळ राहतात, पण एकमेकांच्या उंबऱ्यावर क्वचित जातात.

मधल्या रिकाम्या जागेत बाजार शिरला. ‘विषद्रव्यं बाहेर काढा’, ‘एका बैठकीत दोन इंच कमी’, ‘चेहऱ्याची सूज उतरवा’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. इथे स्पष्टच बोललं पाहिजे. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत. निरोगी माणसाची लसिका आपोआप वाहते, चाललं-फिरलं की आणखी वाहते. निचऱ्यानं चरबी घटत नाही. तासभर शांत पडून कुणी हळुवार हात फिरवला की बरं वाटतं, हे खरं. त्यासाठी कुणाला पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत, फक्त त्याला उपचार म्हणू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या दाव्यांत मात्र नीट निवड करावी लागते. स्तनाच्या कर्करोगानंतर सौम्य ते मध्यम सूज असेल तर दाबपट्टीच्या जोडीला निचरा दिल्यास थोडा जास्त फायदा होऊ शकतो आणि तो सुरक्षित आहे, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानं म्हटलं. सूज येऊच नये म्हणून निचरा द्यावा का, यावर मतं फुटतात. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात निचऱ्यासह लवकर फिजिओथेरपी मिळालेल्या बायकांत वर्षभरात ७ टक्क्यांना सूज आली, इतरांत २५ टक्क्यांना. दुसऱ्याच वर्षी त्याच नियतकालिकात बेल्जियमच्या अभ्यासानं सांगितलं की व्यायाम आणि मार्गदर्शन असताना निचऱ्याची भर घालून विशेष फरक पडला नाही. गुडघा बदलल्यानंतरचे निष्कर्षही असेच संमिश्र, आणि लायपोसक्शननंतर ज्या हिरिरीनं हा उपचार विकला जातो त्या मानानं पुरावा तुटपुंजा. या अनिश्चिततेवर लेखिकेनं पांघरूण घातलेलं नाही. ज्या पुस्तकात प्रत्येक रोगावर एकच उपाय असतो ते मी मिटून ठेवतो. हे शेवटपर्यंत वाचलं.

आताच का, असंही कुणी विचारेल. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं नव्यानं निदान होतं. पुण्यासह मोठ्या शहरांत बायकांमधला हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. उपचार सुधारल्यामुळे त्यांतल्या पुष्कळजणी पुढे वीस-तीस वर्षं जगणार आहेत, संसार, नोकऱ्या आणि वारी करत. त्या वर्षांत हाताचं काय, हा प्रश्न कर्करोगाच्या फाइलमध्ये बसत नाही. जुन्या समजुती तर अजून ठाण मांडून आहेत. ‘त्या हातानं काहीच उचलायचं नाही’ ही त्यांतली एक. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्या १४१ स्त्रियांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला दिली, तेव्हा सूज वाढली नाही, उलट तिचे झटके कमी झाले. तरीही कित्येकजणी पिशवीसुद्धा उचलायला घाबरतात आणि हात अधिक दुबळा करून घेतात.

या पुस्तकाला दोन वाचक डोळ्यांसमोर आहेत. एक, शस्त्रक्रिया झालेली बाई आणि तिच्या घरचे. दुसरा, फिजिओथेरपी, नर्सिंग, आयुर्वेद किंवा निसर्गोपचार शिकणारा विद्यार्थी. दोघांसाठी एकाच भाषेत लिहिणं अवघड, आणि लेखिकेचा तोल क्वचित विद्यार्थ्याकडे झुकतो. हातांच्या हालचालींच्या प्रकरणांत सामान्य वाचकानं भरभर पुढे गेलं तरी चालेल. पुस्तक वाचून कुणी थेरपिस्ट होणार नाही, हे त्यात बजावलेलं आहेच. परदेशात या प्रशिक्षणाचा किमान मापदंड १३५ तासांचा धरतात. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेनंतर पाटी लागते. तेव्हा थेरपिस्ट निवडताना त्यांची राज्य परिषदेकडची नोंदणी विचारा, लसिका-निचऱ्याचं प्रशिक्षण कुठे आणि किती झालं ते विचारा, आणि पट्टी बांधता येते का ते तर नक्की विचारा. हात लाल, गरम होऊन ताप आला असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर आधी डॉक्टर, निचरा नंतर.

काखेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्या घरात ठरली आहे त्यांना एक विनंती. शस्त्रक्रियेच्या आधीच शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हातांची मापं घ्या: तळवा, मनगट, मग मनगटापासून दर दहा सेंटिमीटरवर दंडापर्यंत. तारीख घालून वहीत लिहा. नंतर दर महिन्याला, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजा. आधीच्या मापाच्या मानानं एका हातात दोन सेंटिमीटरचा फरक पडला की पुढच्या तपासणीची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांकडे जा.